मोतद्दाराचे गाणे आणि वीस बाजूंचा फासा

मराठीत ‘डाव’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. पत्त्यांचा डाव आपण मांडतो आणि दुसऱ्याचा डाव ओळखतो. खेळ आणि कारस्थान या दोन गोष्टींना आपल्या भाषेने एकच शब्द पुरवला आहे. गेली सहा वर्षे डोंबिवलीत माझ्या घरच्या टेबलाभोवती जे चालते ते या दोन्ही अर्थांनी डावच आहे. त्याविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते. काल्पनिक दुनियेतल्या खेळात कारस्थान कसे रचावे, हा प्रश्न वरवर पाहता पोरखेळाचा. पण त्याचे उत्तर शोधताना मला ठाण्याच्या किल्ल्यापासून शनिवारवाड्यापर्यंत आणि तिथून कौटिल्यापर्यंत जावे लागले.

आधी खेळ सांगते. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात पट असलाच पाहिजे असे नाही आणि कोणी कोणाला हरवत नाही. चारसहा जण बसतात. त्यांतला एक जण जग सांगतो: समोर खाडी आहे, भरती चढते आहे, पलीकडच्या काठावर एक दिवा हलतो आहे. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेऊन त्या जगात वावरतात आणि आपण काय करतो ते सांगतात. जे होईल की नाही याची शंका आहे, उदाहरणार्थ पहारेकऱ्याच्या नजरेआड भिंत चढणे, त्यासाठी वीस बाजूंचा फासा टाकायचा. आलेल्या आकड्यात पात्राचे कसब मिळवायचे आणि काम किती अवघड त्यावर निकाल ठरवायचा. अशा बैठकांची माळ महिनोन् महिने चालते, तिला इंग्रजीत ‘कॅम्पेन’ म्हणतात. मी ‘मोहीम’ म्हणते. जग सांगणाऱ्याला इंग्रजीत बरीच नावे आहेत, मला नाटकातला ‘सूत्रधार’ पुरतो.

या सूत्रधाराचे मूळ मात्र रंगभूमीवर नाही, लष्करात आहे. १८२४ साली राइसवित्झ या प्रशियन अधिकाऱ्याने सैन्याच्या शिक्षणासाठी ‘क्रीगस्पील’ हा युद्धखेळ नियमबद्ध केला. त्यात दोन्ही बाजूंचे खरे चित्र एकट्या पंचालाच माहीत असे. खेळणाऱ्यांना त्यांच्या तुकड्यांना दिसेल तेवढेच सांगितले जाई. कोणाला किती दिसते, यावरच तो खेळ उभा होता. कारस्थानाचा खेळही त्यावरच उभा राहतो.

माझा भाचा हा खेळ घरी घेऊन आला. त्याचे मित्र, मैत्रिणी, मग मित्रांचे मित्र असे करत आता सहा जण आहेत. एक कळव्याहून येतो, दोघी कल्याणच्या, बाकीचे डोंबिवलीचेच. शनिवार आड शनिवार संध्याकाळी पाचला बसतो आणि कळवेकराची लोकल चुकू नये म्हणून दहाला उठतो. माझी हयात नोकरीत गेली, इतिहास मी वाचला तो गाडीत आणि वाचनालयात. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. माझ्यासारखीला आणखी विद्यापीठ कशाला हवे? मुले मला मावशी म्हणतात आणि माझ्यावर काडीचा विश्वास ठेवत नाहीत. कारस्थानाच्या खेळात दुसरे काय व्हायचे!

आता ठाण्याची गोष्ट. जुलै १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला. ते इंग्रजांच्या हमीवर पुण्यास आले होते, त्यामुळे रेसिडेंट एल्फिन्स्टनने प्रकरण लावून धरले. संशय दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच्यावर होता. बाजीरावाने टाळाटाळ करून अखेर त्या वर्षीच्या सप्टेंबरात त्याला इंग्रजांच्या हवाली केले आणि तो ठाण्याच्या किल्ल्यात कैद झाला. तोच किल्ला आज ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे. पहारा गोऱ्या शिपायांचा होता. एतद्देशीय माणूस फितेल, गोरा फितणार नाही, असा हिशेब असावा. १२ सप्टेंबर १८१६ रोजी त्रिंबकजी तिथून निसटला.

कसा निसटला ते ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या इतिहासात दिले आहे. किल्ल्यातल्या एका अधिकाऱ्याकडे मराठा मोतद्दार होता. मालकाच्या घोड्याला फिरवताना तो त्रिंबकजीच्या खिडकीखालून ये-जा करी आणि सहज गुणगुणल्यासारखे गाई. निरोप त्या गाण्यातच असे. पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हते, त्यांनी ऐकून सोडून दिले. त्रिंबकजी पुन्हा पकडला जाऊन चुनारच्या किल्ल्यात असताना बिशप हेबर १८२४ मध्ये तिथे गेला होता. त्याने ही हकिकत आपल्या प्रवासवर्णनात घेतली आणि गाण्याचे इंग्रजी पद्यही करून टाकले. ते पद्य बरेचसे बिशपसाहेबांचेच वाटते, मोतद्दाराचे फारच थोडे.

हा प्रसंग मी सूत्रधार व्हायला निघालेल्या प्रत्येकाला सांगते. कारस्थान म्हटले की नवशिक्याला तळघर, भुयार, काळे झगे, सांकेतिक लिपी असले काही सुचते. मग तो सगळे इतके खोल पुरतो की खेळणाऱ्यांना सहा महिने काही सापडत नाही, आणि शेवटी खलनायकच भाषण करून सगळे समजावून सांगतो. ठाण्यात काहीही पुरलेले नव्हते. गाणे भर दिवसा, सर्वांच्या कानांवर पडत होते. पहारेकरी मूर्ख नव्हते, त्यांच्याकडे भाषा नव्हती. चांगल्या कटातला धागा असाच असावा: सर्वांना दिसतो, कळतो मात्र एखाद्यालाच, आणि कळण्यासाठी जे लागते ते खेळणाऱ्यांना मिळवता येते.

आमच्या चालू मोहिमेचे गाव मीठबंदर. खाडीच्या तोंडाशी, भोवती मिठागरे, आणि समुद्राचे पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला जुना मंतरलेला बांध. बांधावर एक यक्ष राखणीला आहे. ठाण्याच्या खाडीकाठी वाढलेल्या माणसाला यात नवल काही नाही, यक्ष सोडला तर. कट असा की नारळी पौर्णिमेच्या भरतीला बांध फुटू द्यायचा. तो कोणाला हवा आहे? मिठागरांच्या सावकाराला, कारण बुडालेल्या शेतांची मिठागरे होतील. राजवैद्याला, कारण बांधाखाली पुरलेले काही त्याला हवे आहे. बांधावरच्या चौकीच्या नाईकाला, कारण त्याच्या माणसांचा पगार दीड वर्ष थकला आहे आणि एका रात्रीसाठी डोळे मिटण्याचे पैसे मिळणार आहेत. आणि खुद्द यक्षाला, कारण त्याचा नैवेद्य तीन पिढ्यांपूर्वी कमी केला गेला, हे तो विसरलेला नाही.

या चौघांचे हेतू चार आहेत. सावकाराला बांधाखाली काय आहे ते माहीत नाही. नाईकाला वाटते, फक्त एक गलबत चोरून आत घ्यायचे आहे. माझ्याकडे कथानक लिहिलेले नाही. चार कागद आहेत, एकेका माणसाचा एकेक. प्रत्येकावर एवढेच: याला काय हवे, काय माहीत आहे, काय चुकीचे माहीत आहे, कशाची भीती आहे, आणि पकडला गेला तर आधी कोणाचे नाव घेईल. पाचव्या कागदावर तारखा: कोणी मधे पडले नाही तर कोणत्या दिवशी काय घडेल. माझ्या मते कट म्हणजे दडवलेली गोष्ट नव्हे, माहितीची वाटणी. ती वाटणी नीट केली की गोष्ट खेळणारेच घडवतात.

ही वाटणी मी नारायणरावाच्या खुनावरून शिकले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारदी घुसले ते थकलेल्या पगाराचा कांगावा करत. सुमेरसिंग, महंमद इसाफ, खरकसिंग या गारद्यांच्या सरदारांना पैसा हवा होता. तुळाजी पवाराचा राग वेगळा. राघोबादादाला पेशवाई हवी होती. रूढ हकिकतीप्रमाणे त्याने पुतण्याला ‘धरावे’ असे लिहून दिले होते आणि आनंदीबाईने ‘ध’चा ‘मा’ केला. रामशास्त्र्यांनी चौकशी करून खुद्द राघोबाला दोषी धरले, हे मात्र आपण दुसऱ्या दमात सांगतो. ‘ध’चा ‘मा’ लोकांना इतका का आवडतो, याचा विचार केला पाहिजे. एका अक्षरात सगळा कट बसतो, आणि पुरुषांच्या लोभाचा भार एका बाईच्या लेखणीवर टाकता येतो. सूत्रधार म्हणून मला त्या अक्षराचा मोह पडतो, कारण खेळात अशी चिठ्ठी हाती लागली की टेबल उसळते. इतिहास वाचणारी म्हणून मी त्या अक्षराशी जपून वागते. मीठबंदरातही अशी एक बदललेली चिठ्ठी आहे, पण ती कोणी बदलली याचे गावात सर्वांना ठाऊक असलेले उत्तर चूक आहे.

धागेदोरे किती ठेवावेत? इथे एक मजेशीर योग आहे. जस्टिन अलेक्झांडर या अमेरिकन खेळलेखकाने २००८ मध्ये नियम मांडला की खेळणाऱ्यांनी जो निष्कर्ष काढावा असे वाटते, त्याच्यासाठी निदान तीन धागे ठेवा. एक त्यांना दिसणार नाही, दुसऱ्याकडे ते दुर्लक्ष करतील, तिसऱ्याचा चुकीचा अर्थ लावतील, तरी एकूण मिळून काम होईल. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांच्या प्रकरणात तीनच येतात: एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन हेरांचे सांगणे जुळले तरच विश्वास ठेवावा. रा. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी केलेली अर्थशास्त्राची आवृत्ती माझ्या उशाशी असते, त्यात मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा हसू आले. आकडा तोच, चिंता उलट. अमेरिकन सूत्रधाराला भीती की धागा हुकेल, कौटिल्याला भीती की धागा खोटा निघेल. मी दोघांचेही ऐकते. यक्ष फिरला आहे हे कळण्यासाठी तीन खुणा आहेत: बांधावरचा नैवेद्य आता सकाळी तसाच पडलेला असतो, बांधात खेकड्यांची बिळे दिसू लागली आहेत (पूर्वी एकही टिकत नसे), आणि सावकाराच्या खतावणीत माणसाच्या नावाशिवाय एक रक्कम दर अमावस्येला खर्ची पडते. तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांकडे. शिवाय राजवैद्याने मुद्दाम पेरलेली चौथी खूण खोटी आहे, पण तिच्याशी बाकीची कोणतीच जुळत नाही.

‘मुद्राराक्षस’ नाटकाचाही इथे उपयोग होतो. यमपट घेऊन गाणी म्हणत घरोघर फिरणारा चाणक्याचा हेर चंदनदासाच्या घरातून राक्षसाची मुद्रा मिळवून आणतो, आणि त्या एका अंगठीच्या आधाराने चाणक्य पुढचे सगळे रचतो. पुन्हा गाणारा माणूस, पुन्हा कोणाला संशय नाही. विशाखदत्ताची आणखी एक करामत अशी की चाणक्याची माणसे राक्षसाच्या गोटात इतकी पेरलेली आहेत की कोण कोणाचा हे प्रेक्षकालाही लगेच उमगत नाही. मात्र खेळाला चाणक्य चालत नाही. ज्याचा एकही डाव फसत नाही असा सूत्रचालक नाटकात शोभतो. खेळात तो आला की समोरच्या सहा जणांना करण्यासारखे काही उरत नाही, ते प्रेक्षक होतात.

म्हणून प्रत्येक बैठकीनंतर मी ते चार कागद पुन्हा काढते आणि विचारते, आज जे झाले ते यातल्या कोणाच्या कानी गेले? किती दिवसांनी? कोणत्या रूपात? पेशवाईत बातमी जासुदाच्या पायांनी जाई. माझ्या सावकारालाही खेळणाऱ्यांनी चौकी पेटवल्याचे चार दिवसांनी कळते, तेही नाईकाने आपली बाजू सावरून सांगितलेले. मग तो चुकीच्या माहितीवर पुढची चाल करतो. कारस्थान करणारेही चाचपडत असतात. एकदा हे जमले की कट जिवंत होतो, त्याला वेगळी नाट्यमयता द्यावी लागत नाही.

केनेथ हाइट या लेखकाने २०१२ च्या ‘नाइट्स ब्लॅक एजंट्स’ या खेळात कटाचा पिरॅमिड मांडला: तळाशी गल्लीतले गुंड, वर अधिकारी, टोकाला एकच सूत्रधार, आणि खेळणारे पायरीपायरीने वर चढतात. मांडणी सोयीची आहे, तिचे कौतुक बरेच होते, पण आपल्याकडचे कट मला असे टोकदार दिसत नाहीत. बारभाईंचेच पाहा. नारायणरावाच्या खुनानंतर राघोबाला पदच्युत करण्यासाठी नाना फडणीस, सखारामबापू आणि इतर एकत्र आले, गरोदर गंगाबाईला पुरंदरावर नेले, १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवराव जन्मला. याला मराठीत ‘बारभाईंचे कारस्थान’ म्हणतात आणि त्या जुन्या ‘कारस्थान’ शब्दात आजच्याइतकी काळी छटा नाही. राज्यकारभाराची गुंतागुंतीची खटपट असा त्याचा सूर आहे, जसा बखरींत ‘राजकारण’ हा शब्द गुप्त बोलण्यांसाठी येतो. खलबत, मसलत, कारस्थान, फितुरी: बंद दारामागच्या कुजबुजीपासून शत्रूला मिळण्यापर्यंतच्या पायऱ्या या शब्दांत आहेत. माझ्या कागदांवर प्रत्येक माणूस आज कोणत्या पायरीवर आहे ते मी याच शब्दांनी लिहिते.

बारभाईंचा खरा धडा पुढचा आहे. कट यशस्वी झाला, आणि मग भाऊ भाऊ राहिले नाहीत. १७७८ मध्ये मोरोबा फडणीसाने नानाविरुद्ध उचल खाल्ली, सखारामबापूही अखेरीस नानाच्याच कैदेत गेले. छापील साहसकथांमध्ये मुखवटा उतरला की मोहीम संपते. आमच्याकडे तिथून अर्धी मोहीम उरते: सावकार पकडला गेला तर वैद्य काय करील? नाईक माफीचा साक्षीदार होईल का?

अंजूरच्या नाईकांचे उदाहरणही मी नेहमी देते, कारण ते अगदी आपल्या अंगणातले. अंजूर भिवंडीजवळ आहे. फिरंगी अमलाला कंटाळलेल्या गंगाजी नाईक अंजूरकराने पेशव्यांशी संधान बांधले आणि साष्टीच्या मोहिमेला हातभार लावला, ती हकिकत साष्टीच्या बखरीत आहे. मार्च १७३७ मध्ये फिरंग्यांचा ठाण्याचा किल्ला अपुरा असतानाच मराठ्यांनी घेतला, १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. हा फितुरीचा कट की मुक्तीचा? फिरंगी कागदांत एक उत्तर मिळेल, बखरीत दुसरे. मीठबंदरात खेळणाऱ्यांपुढे हाच पेच येतो. यक्षाची तक्रार खरी आहे. मागच्या वर्षी आमच्यातल्या एकीचे पात्र सरळ कटवाल्यांना जाऊन मिळाले, आणि तिने टेबलावर केलेला युक्तिवाद मला अजून खोडता आलेला नाही.

एका मुद्द्यावर माझे इतर सूत्रधारांशी वाजते. खेळणाऱ्यांनी रचलेला तर्क आपल्या मूळ कटापेक्षा सुरस निघाला, तर गुपचूप तोच खरा करून टाकावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो मुळीच मान्य नाही. गुन्हेगार खेळणाऱ्यांच्या मर्जीने बदलत असेल तर त्यांनी शोधले काय? म्हणून मोहीम सुरू होताना मी चौघांची नावे आणि हेतू एका लखोट्यात घालून लाख लावून बंद करते. तो लखोटा देवघराशेजारच्या फडताळात सर्वांना दिसेल असा असतो. मोहीम संपल्यावर तो मुलेच फोडतात. चूक तर्कावरही माणसे छान खेळतात, पण आपण चुकू शकत होतो हे शेवटी त्यांना कळले पाहिजे.

याचा टेबलाबाहेर एकदा उपयोग झाला, तो सांगते. आमच्यातला एक जण राहतो त्या इमारतीच्या पुनर्विकासावरून सोसायटीत रण माजले होते. समिती, बिल्डर, वास्तुविशारद, वॉर्डातला कोणी, सगळे एकमेकांना सामील, असे संदेश रोज व्हॉट्सॲपवर फिरत. तो इथे येऊन तावातावाने सांगू लागला, तेव्हा कल्याणच्या दोघींनी कोरे कागद काढले आणि त्याला विचारू लागल्या: या माणसाला काय हवे? याला काय माहीत होते, आणि कोणत्या तारखेला? पकडला गेला तर हा कोणाचे नाव घेईल? तीन कागद कोरेच राहिले. संदेशातल्या कटात सगळ्यांना सगळे माहीत होते, सगळ्यांचा हेतू एक होता आणि कोणाचीही चूक होत नव्हती. असा कट आमच्या टेबलावर अर्धा तास टिकत नाही. चौथा कागद मात्र भरला. एका माणसाला निविदेतला आकडा उघडण्याच्या आधीच माहीत होता, आणि तसे सांगणारे तिघे होते, एकमेकांशी न बोलणारे. आमच्या खेळगड्याने सर्वसाधारण सभेत बाकी सगळे सोडून तेवढेच विचारले. उत्तर अजून मिळालेले नाही, निविदा मात्र पुन्हा मागवल्या.

त्रिंबकजी निसटल्याने पुढे जे झाले ते मोठे आहे. मे १८१७ मध्ये एल्फिन्स्टनने त्याला हजर करण्यासाठी सिंहगड, पुरंदर आणि रायगड तारण मागितले. जूनमध्ये पुण्याचा तह झाला, नोव्हेंबरात खडकीची लढाई, १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि त्रिंबकजीही पुन्हा सापडला. मोतद्दाराचे नाव ग्रँट डफ देत नाही. आमच्या मोहिमेत पहिल्याच बैठकीत एक नावाडी गात जातो, त्याच्या गाण्यात बांधावरच्या चार ठिकाणांच्या दिव्यांची संख्या येते. तेव्हा कोणीच लक्ष दिले नाही. अकराव्या बैठकीत कळवेकराने मधेच थांबून विचारले, “मावशी, तो नावाडी काय म्हणत होता ते पुन्हा एकदा सांगाल का?” मी सांगितले. सगळ्यांनी लिहून घेतले. त्या नावाड्यासाठी आता एक नवा कागद केला आहे, कारण पुढच्या बैठकीत ते त्याला शोधायला निघणार आहेत. तुळशीच्या लग्नानंतरच्या शनिवारी, पाचला.